डब्यातली काडेपेटी सादळते, लायटर ऐन वेळी दगा देतो: काय तपासायचं, काय बदलायचं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं, तेव्हा टाळेबंदीमुळे मी गावच्या घरीच अडकलेला होतो. वाडीतल्या सुपाऱ्या कडाकडा मोडल्याचे आवाज ऐकत माजघरात बसून दुपार काढली. संध्याकाळी वारा पडला, अंधार झाला आणि मी ऐटीत माळ्यावर चढलो. दोन वर्षांपूर्वी मी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आणीबाणीचं सामान भरून ठेवलं होतं ना! टॉर्च, दोरी, शिट्टी, औषधं, तीन काडेपेट्या आणि पानटपरीवर मिळतात तसले दोन लायटर.

टॉर्चचे सेल पाझरले होते, तो वेगळा विषय. पहिली काडी घासली तर पट्टीचा तपकिरी थरच खरवडून काडीला चिकटला. दुसरी, तिसरी, दहावी, तीच गत. एका लायटरमध्ये गॅस नव्हता, आणि तो मी आयुष्यात एकदाही पेटवला नव्हता. दुसऱ्यात गॅस डोळ्यांना दिसत होता, पण चाक जाम. शेवटी गडग्यावरून शेजारच्या काकूंना हाक मारली. त्यांनी चुलीवरच्या फळीवर हात घातला, काडेपेटी काढली आणि पहिल्याच काडीला कंदील लागला.

“माळ्यावर ठेवलीस होय रे काडेपेटी? पावसात ती चुलीपाशी हवी. नाहीतर सादळणारच.”

वीज यायला पुढे कित्येक दिवस गेले. रोज संध्याकाळी काकूंची काडेपेटी मागायला जाताना विचार करायला भरपूर वेळ मिळाला. आमच्या ट्रेकच्या ग्रुपचा सामायिक डबाही माझ्याकडेच असतो, आणि त्यातही दर पावसाळ्यात हेच रडगाणं. कोणी म्हणतं कंपनी बदला, कोणी म्हणतं महागडा लायटर घ्या. मी दोन्ही केलं. फरक पडला तो भलत्याच गोष्टींनी. त्याच खाली लिहितो आहे.

पेटवण्याआधी एकदा वाकून वास घ्या

हे काडेपेटीच्या दुरुस्तीत बसत नाही, पण आधी सांगायलाच हवं. वादळ किंवा पूर येऊन गेलेल्या घरात सिलिंडर आडवा झालेला असतो, नळी निसटलेली असते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचून राहतो. उभ्या माणसाला वास येईलच असं नाही. म्हणून खाली वाकून हुंगा. वास आला तर काडी नको, लायटर नको, विजेचं बटणसुद्धा नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूण-महाडला घराघरांत पाणी शिरलं. अशा घरात परत पाऊल टाकल्यावर पहिली काडी ओढण्याची घाई करू नये.

काडी पेटत नाही: आधी पट्टीवर संशय घ्या

आपण काड्यांना शिव्या घालतो. बहुतेक वेळा गुन्हेगार पेटीच्या अंगावर बसलेला असतो.

आपल्याकडे मिळते ती सेफ्टी काडेपेटी. तिच्यातलं रसायन मुद्दाम दोन ठिकाणी वाटलेलं आहे. काडीच्या गुलात, म्हणजे टोकावरच्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. पेटीच्या पट्टीवर तांबडा फॉस्फरस, काचेची पूड आणि चिकटवण. काडी घासली की घर्षणाच्या उष्णतेनं तांबड्या फॉस्फरसचा अगदी थोडा अंश पांढऱ्या फॉस्फरसमध्ये बदलतो. तो हवेत आपोआप पेटतो, ती ठिणगी गुलातल्या क्लोरेटला लागते आणि मग लाकूड धरतं. ही वाटणी १८४४ साली स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी केली आणि म्हणूनच या काड्या खिशात आपसांत घासून पेटत नाहीत. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की पट्टी मेली तर पेटीतल्या सगळ्याच काड्या मेल्या. बुटाच्या टाचेवर घासून पेटणारी काडी वेगळी. आपली काडी दगडावर, भिंतीवर कितीही घासा, बहुधा व्यर्थ.

आणि पट्टी असते उघडी. गुल निदान पेटीच्या आत, एकमेकांच्या आडोशाला असतो. पट्टी बाहेरून पुठ्ठ्यावर फासलेली, हवेतली ओल आधी तीच पिते. चिकटवण मऊ पडते, घासताना थर सुटतो, घर्षण होतच नाही. माझ्या काडीला लागलेला तपकिरी लेप म्हणजे तोच थर होता.

खात्री करायची असेल तर सोपं आहे. न पेटणाऱ्या पेटीतल्या काड्या घ्या आणि दुकानातून नुकत्याच आणलेल्या पेटीच्या पट्टीवर घासा. पेटल्या तर दोष पट्टीचा. वीज आल्यावर मी माळ्यावरच्या काड्या अशाच घासून पाहिल्या आणि त्यातल्या बहुतेक पेटल्या. म्हणजे त्या रात्री माझ्यापाशी शंभरच्या वर चांगल्या काड्या होत्या आणि त्या पेटवायला एक इंच कोरडी पट्टी नव्हती.

तेव्हापासून डब्यात मी काड्या एका पेटीच्या आणि पट्ट्या चार पेट्यांच्या ठेवतो. पेटीचा पट्टीवाला भाग कात्रीनं कापायचा, प्रत्येक पट्टी प्लास्टिकच्या वेगळ्या तुकड्यात गुंडाळायची. खर्चाचं म्हणाल, तर १ रुपयाची काडेपेटी १४ वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, २ रुपयांची झाली आणि त्याची बातमी झाली. तमिळनाडूतल्या शिवकाशी-कोविलपट्टीकडची ही वस्तू अजूनही इतकी स्वस्त आहे, की नुसत्या पट्टीसाठी चार पेट्या कापताना हात अडत नाही. एक खबरदारी मात्र घ्या. सुट्या काड्या आणि उघडी पट्टी एकाच डबीत सोडू नका. डबी पाठपिशवीत दिवसभर हलते, आणि आतल्या आत घासाघासी होऊन पेटायला तेवढं पुरतं.

सादळली की भिजली?

हे दोन वेगळे आजार आहेत, उपायही वेगळे.

सादळलेली काडी हाताला कोरडी वाटते, गुल टणक असतो, घासल्यावर फुस्स होऊन विझते किंवा नुसताच धूर सोडते. ती परत येते. गुलातल्या सरसानं हवेतली ओल घेतलेली असते, ती घालवायची. उन्हात अर्धा तास ठेवा. ऊन नसेल तर अंगालगतच्या खिशात, अंगाच्या उबेवर ठेवा. जुने विडीवाले काडी केसांतून दोनचारदा फिरवून मग ओढतात. डोकं कोरडं असेल तर ही युक्ती चालते, जुलैत भीमाशंकरच्या वाटेवर कोणाचं डोकं कोरडं असतं हा प्रश्न वेगळा. तव्यावर, चुलीच्या तोंडाशी किंवा ओव्हनमध्ये काडेपेटी वाळवू नका. हे लिहावं लागतं, कारण आमच्या ग्रुपमधल्या एकानं ते केलं आहे. तवा पेटला नाही, भुवया गेल्या.

भिजलेल्या काडीचा गुल मऊ होतो, दाबला तर बोटाला रंग लागतो. इथे आशा सोडा. पोटॅशियम क्लोरेट पाण्यात विरघळून निघून जातं, सरस फुगतो आणि वाळल्यावर जो उरतो तो भुसभुशीत खडू. शंभरातली एखादी पेटेलही, पण आणीबाणीचा हिशोब त्या एकीवर मांडायचा नसतो.

घासण्याची पद्धतही बघून घ्या. दमट काडीला आपण घाईघाईत जोर लावतो आणि ती मानेतच मोडते. बोटाचं टोक गुलाच्या लगेच खाली टेकवून घासा आणि पेटताक्षणी बोट काढा. पट्टीचा मधला भाग गुळगुळीत झालेला असतो, कडेचा कोरा असतो, तिथे घासा. दोन काड्या जोडून ओढल्या तर एकीचा भडका दुसरीला धरतो. आणि पेटल्यावर गुल खालच्या अंगाला झुकवा, म्हणजे ज्योत लाकडावर चढते. आपण काडी उभी धरतो आणि ती विझली की वाऱ्याला दोष देतो.

मेण लावायचं असेल तर

काड्यांना मेणाचा हात देणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. मेणबत्तीचे तुकडे वाटीत घ्या, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. थेट आचेवर मेण कधीच नाही. काडी गुलापासून दोन सेंटिमीटरपर्यंत एकदाच बुडवून लगेच काढा आणि कागदावर आडवी वाळू द्या. थर जितका पातळ तितका बरा. मी पहिल्यांदा हौसेनं तीनतीनदा बुडवल्या, काड्या उदबत्तीएवढ्या जाड झाल्या आणि घासल्यावर मेण पट्टीत भरून पट्टीच निकामी झाली. आता पेटवण्याआधी गुलावरचं मेण नखानं खरवडून टाकतो. नेलपॉलिशचा पातळ हात दिला तरी चालतं, बायकोच्या परवानगीनं.

काड्या सादळलेल्या असताना मेण लावलंत तर ओल आत कोंडली जाते. आधी कडकडीत ऊन, मग मेण.

डबा कोणत्या महिन्यात भरलात?

माझी खरी चूक ही होती, आणि ती मला पुढच्या वर्षी आई कुरडया वाळत घालत होती तेव्हा कळली.

मी डबा भरला होता जुलैत. पावसाळा लागला, बातम्या सुरू झाल्या, तेव्हा मला आणीबाणी आठवली. झिपची पिशवी घेतली, त्यात काडेपेट्या घातल्या, झिप घट्ट ओढली आणि वर चिकटपट्टी मारली. म्हणजे केलं काय, तर कोकणातली जुलैची ओलीचिंब हवा काड्यांबरोबर पिशवीत बंद केली. त्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. दिवसा माळा तापतो, रात्री गार होतो आणि पिशवीच्या आत बारीक थेंब धरतात. हवाबंद पिशवी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं बाहेर जाऊ देत नाही. काकूंची पेटी उघड्या फळीवर होती, पण चुलीच्या उबेत रोज वाळत होती.

आपल्याकडे पापड, कुरडया, मसाले, कडधान्यं सगळं वैशाखात होतं. पावसाळ्याचा डबाही त्याच कामांत बसवायचा. एप्रिल-मेच्या दुपारी काड्या, पट्ट्या, डबी, कापूस, सगळं उन्हात पसरायचं. दोनतीन तासांनी सावलीत निवू द्यायचं आणि गार झाल्यावर लगेच भरून बंद करायचं. गरम असताना भरलं तर पापडाचं जे होतं तेच होतं.

ओल शोषायला औषधांच्या किंवा बुटांच्या डब्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला. नसतील तर मिठात घालतो तसे तांदळाचे दाणे, कोरडे भाजून, फडक्याच्या पुरचुंडीत. दरवर्षी बदला. आणि पिशवीपेक्षा रुंद तोंडाची, रबरी वायसरवाली बाटली बरी. ओल्या, थरथरत्या हातांना झिप उघडत नाही. औषधाच्या गोळ्यांची मोठी बाटली किंवा लोणच्याची लहान प्लास्टिकची बरणी चालते. बरणीला वास राहतोच, तो चालवून घ्यायचा.

लायटर: ठिणगी, गॅस की वारा?

लायटर पेटला नाही की आपण अंगठा दुखेपर्यंत तेच तेच करतो. थांबा आणि अंधारात एकदा नीट पाहा. ठिणगी दिसते का? बटण दाबून कानाजवळ धरला तर सूं आवाज येतो का? या दोन उत्तरांत निम्मं निदान होतं.

आवाज आहे, ठिणगी नाही. पानटपरीवरच्या चाकाच्या लायटरमध्ये चाकाखाली एक खडा असतो. सिरियम, लँथेनम आणि लोखंडाचा हा मिश्रधातू कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९०३ मध्ये काढला. चाक खड्याला खरवडतं, सुटलेले कण हवेत जळतात, तीच ठिणगी. चाक भिजलेलं असेल तर पाण्याचा थर मध्ये येतो आणि खरवडणं होत नाही. जोरात झटका, चाकावर फुंकर मारा, कोरड्या कपड्यावर चाक दोनतीनदा फिरवा, दोन मिनिटं थांबा. चाकाचा लायटर पाण्यात पडूनही बहुधा परत चालू होतो. काडेपेटीवर त्याची सगळ्यात मोठी मात हीच.

माझा जाम झालेला लायटर मात्र भिजला नव्हता. समुद्राकडच्या खारट, दमट हवेत हा खडाच गंजतो. गंजला की फुगतो आणि चाक धरून ठेवतो, किंवा त्याची राखाडी पूड होते. चाक अंगठ्यानं हळूहळू उलटसुलट हलवून पूड झटकली तर कधीकधी मोकळं होतं. त्याला पकडीनं फिरवायला गेलो तर चाकच निखळलं, त्यामुळे तो सल्ला देत नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी लायटर उघड्या डब्यात वर्षानुवर्षं ठेवूच नये, काड्यांच्याच कोरड्या बरणीत ठेवावा.

ठिणगी आहे, आवाज नाही. गॅस गेला. वापरलाच नव्हता तरी गेला, तो दोन वाटांनी. एक म्हणजे झडपेतून कणाकणानं, वर्षानुवर्षं. दुसरी वाट जास्त घातक. डब्यात टॉर्च, चाकू, टिनचा डबा असं काहीतरी बटणावर टेकून राहतं आणि गॅस एका रात्रीत मोकळा होतो. माझ्या लायटरच्या बटणावर टॉर्चची कडा होती. बटणाखाली जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा आणि वरून केबल टाय ओढा. रबरबँड लावू नका, आपल्या हवेत तो वर्षभरात चिकट होऊन तुटतो. बंद बरणीत गॅस सुटलेला असू शकतो, म्हणून बरणी नेहमी उघड्यावर, ज्योतीपासून लांब उघडा. आणि पारदर्शक लायटरच घ्या. रंगीत, चित्रांच्या लायटरमध्ये किती उरलंय ते कळत नाही.

रिकामा लायटरही फेकू नका. ठिणगी पडत असेल तर ट्रेकचा गॅसचा स्टोव्ह किंवा घरची शेगडी त्यानं पेटते, गॅस तर शेगडीचाच असतो. कापसाच्या बोळ्यावर चाक हळूहळू फिरवून खड्याची पूड पाडायची आणि मग झटक्यात ठिणगी द्यायची, तर कापूसही धरतो. दोनचारदा सराव लागतो. पहिल्यांदा घरी करा, राजमाचीच्या ओट्यावर नको.

दोन्ही आहे, ज्योत नाही. बहुतेक वेळा वारा. पाठ वाऱ्याकडे करा, ओंजळ धरा, तरी नाही झालं तर पिशवीच्या तोंडाशी डोकं खुपसायचा मोह आवरा.

टक् आवाज करणारे, चाक नसलेले लायटर दिसायला छान, पण डब्यासाठी मी घेत नाही. त्यांच्यातल्या स्फटिकावर आघात होऊन विजेची ठिणगी उडते. तोंडाशी ओल असली की ती ठिणगी ओलीवरून भलतीकडे पळते. वाळल्यावर चालतो, पण आतली तार हलली तर घरी दुरुस्ती नाही. उंचावरच्या विरळ हवेतही तो आधी हात टेकतो. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर याच जातीचा, त्याला स्वतःची ज्योत नाही, तेव्हा शेगडी नसेल तर तो नुसताच दांडका.

लायटर महाग घेतला म्हणजे टिकतो, हा समज माझ्यापुरता संपला आहे. २० रुपयांच्या आतल्या सिगारेट लायटरच्या आयातीवर केंद्रानं जून २०२३ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून टपरीवरचा माल बराच बदलला. कुठलाही घ्या, पण दुकानातच पाचसहा वेळा पेटवून पाहा. दुकानदार वैतागतो. वैतागू द्या.

सह्याद्रीत नाही, पण हिमालयात

कळसूबाई १६४६ मीटर, आपला सगळ्यात उंच माथा. तिथे थंडीनं लायटर अडल्याचं मी पाहिलेलं नाही. पण पुण्या-मुंबईचे ग्रुप उत्तराखंड-हिमाचलला जातात आणि पहाटेच्या तंबूत लायटर गप्प बसला की चक्रावतात. लायटरमधला द्रव म्हणजे मुख्यतः ब्यूटेन. तो उणे ०.५ अंशाला उकळतो. त्याहून गार पडलं की त्याची वाफच होत नाही, द्रव दिसतो आणि आवाज येत नाही. काखेत पाच मिनिटं धरा, झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. तिथे काडेपेटी जास्त भरवशाची, कारण हवा कोरडी. कोकणात उलटं. विमानानं जाणार असाल तर आपल्याकडे दोन्ही वस्तू हातसामानातही चालत नाहीत आणि मोठ्या बॅगेतही नाहीत. उतरल्यावर विकत घ्या, घरून नेऊन रांगेत डबा उपसू नका.

मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर ठेवू नये, हे वेगळं सांगत नाही.

लायटरनं चूल पेटवू नका

ओल्या लाकडाखाली लायटर धरून बसलेला माणूस दर ट्रेकला एक तरी असतो. दहा सेकंदांच्या वर सलग जळला की तोंडाशी असलेलं प्लास्टिक मऊ होतं, झडप बिघडते आणि लायटर तिथेच संपतो. लायटरनं मेणबत्ती पेटवायची, मेणबत्तीनं पुढचं. काडीचंही तेच, ती जेमतेम काही सेकंद जळते आणि ओल्या लाकडाला त्यानं काही होत नाही.

मधल्या पायरीसाठी माझ्याकडे दोन गोष्टी असतात. कापसाचे बोळे व्हॅसलीनमध्ये चोळून एका डबीत, एक बोळा काही मिनिटं जळतो. आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या. त्या भिजल्या तरी पुसून पेटतात, धूर काळा आणि वास भयंकर, म्हणून उघड्यावरच. अभयारण्यांत, म्हणजे भीमाशंकर काय किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड काय, शेकोटी करायची नसते, तिथे स्टोव्हच. गडावरच्या गुहेत जाळ करून काळ्या केलेल्या भिंती आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

कापूर बऱ्याच जणांच्या डब्यात असतो. उत्तम पेटतो, पण तो हवेत उडून जातो. घरोघरी त्यात मिरे घालतात, मीही घातले होते. दसऱ्याला डबी उघडली तर मिरे तेवढे शिल्लक होते.

मोठ्या चकमकीचंही सांगतो. हल्ली फेरो रॉड नावानं जी कांडी मिळते, ती लायटरच्या खड्याचीच मोठी बहीण. वाऱ्यापावसात ठिणगी देते, कारण तिच्यात गॅस नाही आणि सरस नाही. पण ती नुसत्या ठिणग्या पाडते, त्या झेलायला कोरडा, पिंजलेला कापूस लागतो. आणि खाऱ्या हवेत तीही गंजते, म्हणून काळा रंग खरवडून गेला की नेलपॉलिशचा हात द्या किंवा तेलाचं बोट फिरवा. मी ती तिसरा आधार म्हणून ठेवतो. हात सरावलेला नसेल तर अंधारात, पावसात, घाबरलेल्या माणसाला ती काही कामाची नाही.

सध्या काय ठेवतो

ग्रुपच्या डब्यात चाकाचे दोन पारदर्शक लायटर. ते एकाच पिशवीत कधीच नसतात, एक माझ्याकडे तर दुसरा शेवटून चालणाऱ्याकडे. एका बरणीत मेण लावलेल्या पन्नासेक काड्या, पट्ट्या वेगळ्या गुंडाळून, एक जादा पट्टी माझ्या पाकिटात. दोन जाड, बुटक्या मेणबत्त्या. बोळे आणि ट्यूब. गावच्या घरी हेच, फक्त बरणी आता माळ्यावर नसते, चुलीवरच्या फळीवर असते. म्हणून काही काकू आमच्याकडे काडेपेटी मागायला येत नाहीत, त्यांची अजून पहिल्याच काडीला पेटते.

तपासणी वर्षातून दोनदा. एकदा मेमध्ये, वाळवणाबरोबर. दुसरी खंडेनवमीला. त्या दिवशी कोयता, विळी, आडकित्ता पुसून पुजेला मांडायचाच असतो, तेव्हा डबाही खाली येतो. प्रत्येक लायटर पेटवायचा, प्रत्येक पट्टीवर एक काडी ओढायची. नुसतं बघून “आहे, ठीक आहे” म्हणायचं नाही. मी दोन वर्षं तेच म्हणत होतो. टॉर्चचे सेलही त्याच दिवशी काढून वेगळे ठेवायचे.

बदललेल्या जुन्या काड्या आमच्याकडे देवघरात जातात. तिथे निरांजन आणि उदबत्तीला रोज दोनतीन काड्या लागतात, त्यामुळे पुढचा पावसाळा यायच्या आत त्या संपून जातात.